खारीने बांधलेली वेल

एका बागेच्या कडेला आंब्याचे झाड होते आणि त्याच्या ढोलीत एक खार राहत असे. ती फार मायाळू होती आणि तितकीच भित्री. शेजारी वाळलेले पान पडले तरी ती थेट शेंड्यावर पळे, आणि मग ते पानच होते ना, हे वरून डोकावून पाही. त्याच झाडावर एक बुलबुल येऊन बसत असे. तिने मेंदीच्या कुंपणात दोनदा घरटे बांधले होते. पण कुंपण विरळ, त्यामुळे दोन्ही वेळा कावळ्याला अंडी दिसली आणि त्याने ती पळवली. खारीला हे ऐकवेना. "बागेतला तो बांबूचा मांडव रिकामाच आहे," ती म्हणाली. "मी त्यावर गोकर्णाची वेल चढवते. पानांचा असा दाट पडदा करीन, की आत कोण आहे ते कुणाला कळणार नाही."

तिने मांडवाच्या पायाशी बिया पुरल्या. वेल उगवली आणि तिचा शेंडा आधार शोधत हवेत डुलू लागला. झाले, आता ही पडणार, असे खारीला वाटले. तिने शेंडा धरून बांबूभोवती गुंडाळला. सकाळी पाहते तो सुटलेला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा सुटला. वेल एका बाजूने वळू पाहत होती आणि खार तिला उलट बाजूने वळवत होती. पण मनात भीती असली की एवढी साधी गोष्टही दिसत नाही. शेवटी तिने नारळाचा काथ्या आणला आणि वेल बांबूला करकचून बांधली. मग वाऱ्याची झुळूक आली की आणखी एक गाठ. कुंपणावरचा सरडा विचारू लागला, की खारूताईने वेल लावली आहे की चोर पकडून ठेवला आहे. गाठी जरा सैल कर, असे बुलबुलनेही सुचवून पाहिले. "आणि पडली म्हणजे?" एवढेच खार म्हणाली.

श्रावण आला, तरी वेल वीतभरसुद्धा वाढली नाही. उलट पाने पिवळी पडली. एके सकाळी बुलबुल चोचीत गवताची काडी घेऊन आली. तिने मांडवाकडे पाहिले आणि ती पुन्हा त्या मेंदीकडे वळली. तेव्हा कुठे खारीने वेल नीट जवळून पाहिली. मुलांनो, काथ्या खोडात रुतला होता. खारीला रडूच आले. दातांनी तिने एकेक गाठ कुरतडली, तशी वेल घसरून जमिनीवर लोळली. खारीने शेपटीत तोंड लपवले. "ताई, दहा दिवस थांबशील का?" तिने विचारले.

"थांबते," बुलबुल म्हणाली. "पण तू तिला ओढायचं नाहीस हं."

ते दहा दिवस खारीला फार जड गेले. ती पाणी घाली, वेलीजवळ काटक्या रोवी, आणि मग स्वतःचीच शेपटी घट्ट धरून बसून राही. तिसऱ्या दिवशी शेंडा उठला, एका काटकीला टेकला आणि आपल्याच बाजूने वळला. मग काय, वेल चढतच गेली. मांडव हिरवागार झाला, निळी फुले आली आणि बुलबुलने आत घरटे बांधले. कावळा येऊन मांडवावर बसला. त्याला फुलांखेरीज काही दिसले नाही, तसा तो उडून गेला.

काही दिवसांनी बुलबुलचे थोरले पिल्लू घरट्याच्या काठावर आले आणि तोल जाऊन खाली झुकले. खारीचे दोन्ही हात पुढे आले. क्षणभर थांबून तिने ते मागे घेतले, डोळे मात्र मिटले नाहीत. पिल्लाने पंख फडफडवले, वेलीचा एक लोंबता फाटा पकडला, आणि तिथेच जरा झुलून ते उडाले.

तात्पर्य : ज्याच्यावर माया आहे त्याला आधार जरूर द्यावा, पण कोणत्या बाजूने वळायचे ते त्याचे त्याला ठरवू द्यावे.