शिक्षकांच्या खोलीतला माठ

"पण मुलं लिहायची थांबली कशानं, गुरुजी?"

धोंडगे गुरुजी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. समोर करुणा, त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता ती स्वतःच सातवीच्या वर्गाची बाई झाली होती आणि तो तोरा चेहऱ्यावर थोडा दिसायचाही. गुरुजींना तो आवडायचा.

"आधी हे सांग, लिहितात कुठं?"

तिनं टॅब पुढं धरला.

"हे पान सगळ्यांचं. आमची मुलं आणि समुद्राकाठच्या एका शाळेतली मुलं मिळून गोष्ट लिहितात. वर्गात बोलायचं, घरी गेल्यावर इथं लिहायचं. सुरुवातीला काय झुंबड उडायची! आता चार ओळींवर अडलंय सगळं. हेडसर म्हणतात, सोमवारपर्यंत गोष्ट पुरी झाली नाही तर मुलांचे टॅब कपाटात."

तिनं टॅब मांडीवर ठेवला.

"आमच्यातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नाही, गुरुजी. त्या पोरांशी बोलताना आमच्या मुलांचे चेहरे बघायला हवे होते तुम्ही."

गुरुजींनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"ती लिहितात ते तुला दिसतं?"

"घरी बसून दिसतं. लिहीत असतानाच!" करुणाची मान ताठ झाली. "एक वेलांटी चुकू देत नाही मी. वाक्य पुरं व्हायच्या आत दुरुस्त करते."

"आणि तू तिथं आहेस हे त्यांना कळतं?"

"कळतं की. माझं नाव हिरव्या रंगात चमकत असतं."

"अस्सं..."

गुरुजींनी खिशातून फोन काढला.

"माझ्या बहिणीला दोन ओळी लिहून दे बरं. मला हल्ली नीट दिसत नाही."

करुणा आनंदानं लिहू लागली. 'ताई, मी बरा आहे. यंदा शेंगा...'

गुरुजी खांद्यावरून वाकले. "ताई नको. आक्का."

तिनं खोडलं.

"बरा नको, मजेत लिही."

तिनं पुन्हा खोडलं.

"शेंगा कशाला? आधी पावसाचं लिही. आणि तो अनुस्वार..."

नीट दिसत नाही म्हणणाऱ्या गुरुजींना सगळं दिसत होतं. करुणाचं बोट फोनवर तसंच अधांतरी राहिलं. काय लिहायचं होतं तेच तिला आठवेना.

"गुरुजी, जरा तिकडं बसा ना! सुचू द्या की मला!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

गुरुजी मुकाट्यानं जागेवर जाऊन बसले. शेंगा फुटल्याचा आवाज तेवढा येत राहिला...

करुणानं टॅबकडं पाहिलं. पान उघडंच होतं. त्यावर एकच नाव चमकत होतं. तिचं.

"चुका राहतील, गुरुजी."

"राहू दे. सकाळी वर्गात सगळे मिळून शोधा."

तिनं पान बंद केलं. हिरवं नाव विझलं. मग एकाएकी तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"आम्हाला गटात बसवलं की तुम्ही शिक्षकांच्या खोलीत पाणी प्यायला जायचात. ते थेट तास संपत आला की यायचात. आम्ही इकडं भांडायचो, एकमेकांच्या हातातला खडू ओढायचो... पण नाटक लिहून व्हायचं. तहानलेले गुरुजी म्हणायचो आम्ही तुम्हाला."

"पलीकडं सगळं ऐकू यायचं मला."

"खरंच एवढी तहान लागायची?"

गुरुजींनी सोललेले दाणे तिच्या ओंजळीत ओतले.

"त्या खोलीत माठ कधी नव्हताच, पोरी."