शेळी, घोडी आणि बोरटेकचा वडील

ही गोष्ट शपथेवर खरी. आमच्यात शपथ वाहत नाहीत, तरी वाहतो. मी तिथंच होतो. म्हणजे माझ्या जन्माला अजून वीस वर्षं अवकाश होता, पण ते सोडा.

बोरटेकच्या ख्रिस्ती मंडळीला 'वडील' मिळेना. वडील म्हणजे पाळकाच्या माघारी देऊळ सांभाळणारा कारभारी. जिल्ह्याचे मोठे पाळक ठोंबरेसाहेब शास्त्रावर बोट ठेवून बसलेले: वडील निर्दोष हवा, दारूपासून लांब, घर नीट चालवणारा, बाहेरच्यांनीही चांगली साक्ष दिलेला. याकोब सुतार यात चपखल बसत होता. पण सुगीच्या सणाला त्याची शेळी थेट देवळात शिरली आणि अर्पणाची बाजरी खाऊन गेली.

"ज्याला शेळी आवरत नाही, तो मंडळी काय आवरणार?" म्हणत साहेबांनी त्याचं नाव खोडलं. वर फर्मावलं, ज्याच्या दारचं जनावरसुद्धा आज्ञेत आहे असा माणूस रविवारपर्यंत आणा. नाहीतर देवळाला कुलूप, आणि तुम्ही उपासनेला नदीपलीकडच्या गावी जा.

देवळाची घंटा तबिथाबाई वाजवायची. तिचा नवरा पायानं अधू. दोन मुलांच्या खांद्यावर हात टाकून कसाबसा देवळापर्यंत यायचा. तो नदी कशी ओलांडणार?

रविवारी ती उभी राहिली. "साहेब, माणूस मिळाला. एका बायकोचा नवरा, दारूला शिवत नाही, शिकवण्यात हुशार. बाहेरचा साक्षीदारही आणलाय."

दारातून पागोटं सावरत आला तो गुत्तेवाला दगडूशेठ! त्यानं हात जोडून सांगितलं, की ठोंबरेसाहेब दर शनिवारी माझ्या गुत्त्यापुढं येतात, पाव तास थांबतात. आत कधी पाऊल टाकलं नाही, पण इतका नेमाचा माणूस मी पाहिला नाही.

देवळात खसखस पिकली. साहेबांच्या टांग्याची घोडी पूर्वी दारूच्या ठेकेदाराकडं होती. जुन्या सवयीनं ती गुत्त्यापुढं अडायची. टांगा हाकणारे माझे आजोबा बिचारे खाली उतरून, आतून पाणी आणून तिला चुचकारायचे.

साहेब लालबुंद झाले. "अहो, ती घोडीची खोड! त्यात माझा काय दोष?"

"तेच म्हणते मी," तबिथाबाई म्हणाली. "आता तुमचं नाव खोडायचं, का याकोबाचं परत लिहायचं?"

बायकांच्या बाजूनं मोठ्यानं हसू फुटलं ते साहेबांच्या बायकोचं. मग साहेबच असे हसले, की चष्मा निसटून मांडीवर पडला. याकोब वडील झाला. आणि तबिथाबाईला बक्षीस म्हणून टांग्यासकट ती घोडीच मिळाली, नवऱ्याला देवळात आणायला.

वाटेत गुत्ता लागायचाच. पण तबिथाबाईच्या हाती लगाम आल्यावर घोडी तिथं एकदाही अडली नाही.

तेव्हा कबूल करतो: घोडीची खोड तेवढी मी रचली. आजोबांची अब्रू होती हो.