आठ दिवसांची भट्टी

"…मग मी हे सगळं सोडून देऊ का, स्वामीजी?"

इंदुमती मालशे मठाच्या ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. तीन दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पायमोजे बर्फाने ओलेगच्च होते, पण ते काढायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

अच्युतस्वामींना खोकल्याची उबळ आली होती. उबळ सरेपर्यंत ती वाट पाहत राहिली.

त्या डोंगरी शहरात सहा महिने हिवाळा. नदीकाठी कोळशाची एक थोरली भट्टी होती. तिच्यावर तापलेलं पाणी नळांतून घरोघर फिरायचं आणि घरं ऊब धरायची. शहर ऊबदार होतं, पण काजळी खाऊन खोकत होतं. बारा वर्षांपूर्वी स्वामींनी दारोदार फिरून भट्टी बंद करण्यासाठी लोकांना राजी करायला सुरुवात केली. त्यांची शिष्या इंदुमती इंजिनियर. डोंगरातल्या उकळत्या झऱ्यांची धग तिने शहराच्या नळांत आणून दाखवली. गेल्या चैत्रात भट्टी विझली.

आणि आता, ऐन थंडीत, झऱ्यांकडून येणारा मोठा नळ तीन दिवसांपासून क्षाराने चोंदला होता.

"लोक काय म्हणतात?" स्वामींनी विचारलं.

"शिव्या देतात. खालच्या आळीत दारं-खिडक्या फोडून जाळताहेत. दोन तान्ही मुलं इस्पितळात आहेत."

"नळ कधी मोकळा होईल?"

"आठ दिवस. कितीही घाई केली तरी आठ."

"हं…"

स्वामींनी अंगणातल्या बर्फाकडे पाहिलं.

"भट्टी चालते का गं अजून?"

इंदुमतीने मान खाली घातली.

"…चालते."

"नगरसमितीला काय सांगितलंस?"

तिचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला.

"इंदू."

"मोडीत निघाली म्हणून सांगितलं."

कुठेतरी छपरावरून बर्फाचा थर घसरून पडला.

"एकदा पेटवली ना, स्वामीजी, की ते परत विझवू देणार नाहीत," ती म्हणाली. "मी ओळखते त्यांना. म्हणतील, बघा, कोळसाच खरा. बारा वर्षं मातीत जातील. तुमचीसुद्धा."

"माझी कुठली? वर्षं काय, जायचीच असतात."

"मी दमले हो. पुन्हा पहिल्यापासून दारोदार जायची ताकद नाही माझ्यात."

"ते दिसतंय मला."

स्वामी उठले. उठायला त्यांना वेळ लागला. खुंटीवरची शाल घेऊन त्यांनी डोक्याला गुंडाळली, काठी घेतली आणि पायऱ्या उतरू लागले.

"कुठे निघालात?"

ती उठून त्यांच्या मागोमाग गेली.

उतारावरून नदीपर्यंत पोचायला त्यांना तासभर लागला. वाटेत दोनदा स्वामी खोकत खाली बसले. दुसऱ्यांदा तिने त्यांना हात दिला, तेव्हा तिला त्यांचं मनगट बर्फासारखं लागलं. मठही त्याच नळावर होता, हे तिला तेव्हा आठवलं. तीन दिवसांत मठातून तक्रारीचा एकही निरोप आला नव्हता.

भट्टीच्या दाराला तिनेच घातलेलं कुलूप होतं. किल्ली तिच्या कमरेला.

स्वामी काठीवर भार देऊन उभे राहिले. मागत नव्हते. रागावलेही नव्हते.

तिने कुलूप काढलं.

आत कोळशाचा जुना ढीग तसाच पडला होता. स्वामींनी काठी भिंतीला टेकवली, कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि पहिला फावडंभर कोळसा भट्टीच्या तोंडात ढकलला. काळी धूळ उडाली. ते वाकून वाकून खोकले, आणि पुन्हा फावडं भरू लागले.

"द्या ते इकडे," इंदुमती म्हणाली. तिने फावडं त्यांच्या हातून घेतलं, पण तिचे हात उचलेनात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुळीने की कशाने, तिचं तिलाच कळेना.

"ज्यांनी ही विझवली तेच पेटवताहेत," ती म्हणाली. "उद्या सगळं शहर म्हणेल, हे दोघे हरले."

स्वामींनी काड्यापेटी काढली.

"त्यांचे दात वाजायचे थांबू देत आधी. मग काय म्हणतात ते नीट ऐकू येईल."