चिंधी बांधलेली वांगी

एका गावात एक बागवेडा गृहस्थ राहायचा. बागवेडा म्हणजे किती, तर दसरा सरून गार वारे सुटले की बायकोने त्याला जेवायला चारदा हाक मारावी आणि त्याने चारही वेळा वाफ्यातूनच "आलोच" म्हणावं. पावट्याचा मांडव घालायचा, मिरचीला काठ्या लावायच्या, पालापाचोळ्याचा खड्डा भरायचा, सुतळी धरून वांग्याची रोपं ओळीत लावायची. हिवाळाभर त्याला इतकी कामं असत की आपल्याला एक लेक आहे हे त्याला ती वाफ्यात पाय ठेवायची तेव्हाच आठवायचं.

त्या गावात एक जुनी रीत होती. झाडावरचं सगळ्यात चांगलं एक फळ बियाण्यासाठी राखायचं आणि ओळखू यावं म्हणून त्याला चिंधी बांधायची. चिंधी दिसली की त्या फळाला कोणी हात लावत नसे. शेजारची शेळी तेवढी ही रीत मानत नसे.

त्या वर्षी वांगी अशी धरली की गृहस्थ पाहतच राहिला. एका वांग्याला त्याने चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी बाजूचं वांगं त्याहून सरस वाटलं, म्हणून त्यालाही बांधली. मग तिसऱ्याला. बायकोचं जुनं लुगडं संपलं, लेकीचा आखूड झालेला परकर फाडून झाला आणि शेवटी त्याचा स्वतःचा पंचाही त्या कामी आला. मार्गशीर्ष सरला तेव्हा परसात बिनचिंधीचं एक वांगं उरलं नव्हतं आणि घरात मात्र बाजारची वांगी शिजत होती.

"अहो, बियाण्याला एक पुरतं," बायको म्हणायची. "एका वांग्याच्या बियांत वाफाभर रोपं होतात."

"तुला त्यातलं कळायचं नाही. असं वाण पुन्हा मिळत नसतं."

बायकोला बागेतलं कळत नसेलही, पण अति तेथे माती एवढं तिला कळत होतं.

पौषात लेकीला ताप आला. आठ दिवसांनी उतरला, पण तोंडाची चव गेली. पेज नको, भात नको, दूधही नको. पोर अंथरुणात वाळत चालली. वैद्यांनी नाडी पाहिली आणि ते म्हणाले, "माझ्या औषधाचं काम संपलं. आता पोटात अन्न गेलं नाही तर पोरीचं काही खरं नाही. ती मागेल ते द्या."

आईने डोक्यावरून हात फिरवत विचारलं, "काय खाशील गं?"

लेक हळूच म्हणाली, "आपल्या वांग्याचं भरीत."

गृहस्थ परसात गेला. एका वांग्याच्या चिंधीला त्याने हात लावला आणि मागे घेतला. दुसऱ्या चिंधीला लावला, तोही मागे घेतला. मग पिशवी घेऊन तो बाजाराला गेला आणि तिथली त्यातल्या त्यात चांगली वांगी घेऊन आला. बायकोने भरीत केलं. लेकीने एक घास तोंडात धरला आणि ताटलीत परत टाकला.

"हे आपलं नाही," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

तेव्हा मात्र गृहस्थ उठला. विळा घेऊन तो परसात धावला. पहिली चिंधी ओढून काढली, वांगं चिरलं. आत नुसत्या कडक बिया. दुसरं चिरलं, तिसरं चिरलं. सगळी पिवळी पडून जून झाली होती. महिन्यापूर्वी यातलं कुठलंही चाललं असतं. इतकी वांगी लावली आणि पोरीला देण्यासारखं एक नाही, या विचाराने तो वाफ्याच्या कडेला बसून रडू लागला.

बायको मागे येऊन उभी राहिली. "मोरीमागे बघितलंत का?"

"तिथे काय आहे?"

"लावणीच्या वेळी तुम्ही एक मरतुकडं रोप फेकून दिलं होतं ना? पोरीने ते उचलून तिथे लावलं. आपलं हातपाय धुतलेलं पाणी रोज त्यालाच जातं. आत्ता ताटली विसळून पाणी टाकताना मला त्याला वांगी दिसली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत झाली. रोप वाकडंतिकडं होतं, पण त्याला तीन कोवळी वांगी लागली होती. चिंधी एकालाही नव्हती, कारण ते झाड गृहस्थाने कधी आपल्या बागेत धरलंच नव्हतं.

त्याने त्यातली दोन तोडली आणि स्वतः निखाऱ्यावर भाजली. बोटं पोळली, तरी वांगी सोलायला बायकोच्या हाती दिली नाहीत. लेकीने एक घास खाल्ला. आईबाप बघत राहिले. तिने दुसरा घास घेतला, मग तिसरा, आणि म्हणाली, "आई, भाकरी दे."

दोघांचा जीव भांड्यात पडला. बायको भाकरी थापायला बसली आणि तिने पदराने डोळे पुसले. चुलीच्या धुराचं निमित्त होतंच.

रथसप्तमीला लेक हिंडूफिरू लागली. तोवर गृहस्थाने परसातल्या सगळ्या चिंध्या सोडल्या होत्या. त्यातली एक त्याने लेकीच्या हातात दिली.

"या वर्षीचं बियाणं तू राख," तो म्हणाला.

लेक ओळीतल्या झाडांकडे वळलीसुद्धा नाही. ती मोरीमागे गेली आणि तिथल्या तिसऱ्या वांग्याला चिंधी बांधून आली. उरलेल्या चिंध्यांचं बायकोने पायपुसणं शिवलं. त्या दिवसापासून गृहस्थ जेवायला पहिल्या हाकेला येऊ लागला, आणि आत शिरताना त्याच पायपुसण्याला पाय पुसू लागला.

तात्पर्य: बियाण्याला एक फळ पुरतं. राखलेलं उद्या उगवेल, पण घरातल्या माणसाची आजची भूक उद्यापर्यंत थांबत नाही.