हत्ती कोणाचा?

"यंदाही नफा नाही!" त्रिंबकशेटनं पाडव्याला आशेनं जमलेल्या अठरा नोकरमाणसांपुढं हात झटकले.

शेटची सात गावांत सात दुकानं. वर्षाच्या नफ्यातला चौथा हिस्सा नोकरांचा, असा बोलीचा करार. पण गेली तीन वर्षं कुणाला दमडी दिसली नव्हती.

तेल मापणारी गोजरा पदर खोचून पुढं आली. तिच्या बापाचे डोळे अधू होत चालले होते. वैद्याला द्यायला तिच्याजवळ या हिश्शाखेरीज काही नव्हतं.

"शेटजी, विक्री तर दुप्पट झाली. मग नफा गेला कुठं?"

"तीन वर्षांमागं मी हत्ती घेतला ना! त्याच्या कर्जाचं व्याज दुकानानंच भरलं. शिवाय माझा रथ राजाच्या बागेत घुसला, त्याचा दंड."

"आणि दुकानाच्या ओसरीचं भाडं येतं, ते?"

"ते वरकड! ते माझं. माल विकून येतं, तेवढंच दुकानाचं."

"अगं बाई! म्हणजे वरकड खर्च दुकानाचा आणि वरकड कमाई शेटजींची!"

गोजरा तडक राजाकडे गेली. मागोमाग धापा टाकत शेटही पोचला. "महाराज, माल विकल्याशिवाय दुकान कमावणार किती? चार आणे! तेवढ्यासाठी ही भांडते."

राजा मोठा हट्टी. म्हणाला, "पाहूच! आठ दिवस राजधानीतलं दुकान उघडं ठेवा, पण चिमूटभर मीठही विकायचं नाही. तरी चार आण्यांवर कमाई झाली तर गोजरा खरी. नाही झाली, तर तिनं नोकरी सोडायची."

"पण महाराज, माझी आठ दिवसांची विक्री—"

"बोललो ते बोललो!"

पहिला दिवस कोरडा गेला. गिऱ्हाइकं यायची, हसून परत जायची. शेट स्वतः मिठाच्या गोणीवर पहारा देत बसला होता. त्याला बघून गोजराला रडू येत होतं, पण ती रडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर दोन शेतकरी चिंचेच्या वजनावरून हमरीतुमरीवर आले.

"कशाला डोकी फोडता, दादा?" गोजरानं हाक मारली. "चिंच तुमची, काटा आमचा. दोन आणे टाका आणि मोजून घ्या!"

मग गोजराला वाटच सापडली. बाजाराच्या दिवशी ओसरीवर न्हावी बसला, शेजारी कासार बसला. रिकाम्या कोठारात वाटसरूंची गाठोडी राहिली. बिनकामाचे बैल दुसऱ्यांची ओझी वाहू लागले.

सातव्या दिवशी गोजरानं हत्तीच सोडला!

"ए, माझा हत्ती कुठं नेतेस?" शेट ओरडला.

"वरातीला, शेटजी! व्याज दुकान भरतं ना? मग त्यानं दुकानासाठी थोडं चालायला नको?"

नवरदेव हत्तीवरून मिरवला आणि नवरीच्या बापानं खुशीनं वीस रुपये मोजले.

नवव्या दिवशी गोजरानं दरबारात चौसष्ट रुपये ओतले.

"काय विकलंस?" राजानं विचारलं.

"काही नाही, महाराज. शेटजी मिठावरून हललेच नाहीत, त्यांनाच विचारा!"

शेटनं मान डोलावली आणि लगेच ढिगाकडे हात नेला. "चला, वरकड कमाई माझी! ओसरी माझी, काटा माझा, हत्ती माझा!"

गोजरानं ढिगावर पदर टाकला. "हत्ती तुमचा? नक्की?"

"माझाच!"

"मग त्याचं तीन वर्षांचं व्याज दुकानाच्या गल्ल्यातून का गेलं? ते परत भरा. नफा दिसेल, त्यातली चौथाई आम्हाला द्या."

शेट दचकला. "तसं नव्हे! हत्ती... हत्ती दुकानाचा!"

"मग त्याची कमाईही दुकानाची! तशीच काट्याची, आणि ओसरीची गेल्या तीन वर्षांची. ती सगळी गल्ल्यात टाका आणि त्यातली चौथाई आम्हाला द्या. आता एकदाच सांगा शेटजी, हत्ती कोणाचा?"

शेटनं राजाकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं. "तो... महाराज, हत्ती तुम्हीच ठेवून घ्या!"

राजा इतका हसला, की त्याचा मंदील डोळ्यांवर आला. "नको बाबा! मी घेतला तर ही मलाही हिशेब विचारेल! शेट, दोन्ही हिशेबांतला जो जास्त भरेल, त्याची चौथाई आजच्या आज या अठरा जणांना द्या. आणि पोरी, उद्यापासून तू माझं कोठार सांभाळ."

"सांभाळीन, महाराज," गोजरा म्हणाली, "पण परवापासून. उद्या बापाला वैद्याकडे न्यायचंय!"

"तू कशाला नेतेस? माझाच वैद्य तुझ्या घरी येईल," राजा म्हणाला, "हत्तीवर बसून! आणि भाडं शेटजी भरतील!"