चिखलातला पंजा

त्या रानात प्रत्येकाला कशाची ना कशाची भीती होती, आणि ती सांगायला जागा एकच होती: घोरपडीचं बीळ.

बिळाला दोन तोंडं होती. पुढचं सगळ्यांना दिसायचं. मागचं थेट वाघाच्या चौकीकडे उघडायचं. कुणाच्या पिल्लाच्या जिवाला धोका आहे असं कानावर आलं, की घोरपडीने ते मागच्या तोंडाने कळवायचं, हा रानाचा कायदा. कायदा काही वाईट नव्हता. पण म्हणूनच जुनी रीत अशी, की आलेल्याला आधी बिळाभोवती फिरवून मागचं तोंड दाखवायचं, आणि तरीही बोलायचं असेल तर दारातल्या ओल्या चिखलात त्याचा पंजा उमटवून घ्यायचा.

आता झालं असं, की मागचं तोंड पाहून निम्मे जण आल्या पावली परत जायचे. घोरपड मनाची मऊ. भ्यालेल्याला आणखी कशाला भिववायचं, असं तिला वाटलं. फेरी बंद पडली, पंजा तेवढा राहिला.

एका दुपारी शेपटीवर पिल्लू घेऊन खवली आली. ही खवले मांजराची जात, पान हललं तरी अंगाचं गाठोडं करणारी. दारातच थबकून तिने विचारलं,

"इथलं बाहेर जात नाही ना, घोरपडबाई?"

"आधी पंजा ठेव आणि बस गं. बाकीचं मग सांगते."

खवलीने पंजा ठेवला. चिखल गार होता.

आत ती हळूहळू उलगडली. जन्मात पहिल्यांदा कुणासमोर पोट उघडं टाकून बसली, आणि मनात साठलेलं भडाभडा बाहेर आलं. भीती वाटली की ती इतकी घट्ट मिटायची, की पोटाशी धरलेलं पिल्लू गुदमरायचं. परवा तर त्याने बराच वेळ श्वासच घेतला नव्हता.

"मला जरा सैल मिटायला शिकवा," ती म्हणाली. "एवढंच मागायला आले."

घोरपडीला आठवलं, मागच्या तोंडाचं मग सांगायचं ते राहूनच गेलं होतं, आणि आता सांगून काय उपयोग? तिने शिकवलं. खवली शिकलीसुद्धा. संध्याकाळी ती गेली आणि घोरपड मागच्या तोंडाकडे वळली.

दोन दिवस पिल्लू आईच्या पोटाशी गाढ झोपलं. तिसऱ्या दिवशी चौकीवरचे दोन तरस खवलीच्या दारात उभे राहिले. दोघेही अदबीने बोलत होते, आणि त्याचीच खवलीला जास्त धडकी भरली. पिल्लू न्यायला आलोय म्हणाले, तुमच्याच संमतीने. मी कधी दिली संमती, असं ती कशीबशी बोलली. तरसाने वाळलेल्या चिखलाची खापरी तिच्यापुढे ठेवली.

खवलीने त्यावर पंजा ठेवून पाहिला. नख न् नख जुळलं.

ते पिल्लाला घेऊन गेले. त्याचं ओरडणं ऐकू येईनासं झालं, तेव्हा खवली मिटली. सैल, शिकवलं होतं तशीच, आत एका पिल्लापुरती जागा ठेवून.