तळ्याची वाट

एक होतं तळं.
तळ्यात राहायचं कासवाचं पिल्लू. बटणाएवढं!

पूर्वी माणसं तळ्यावर पाण्याला यायची. मग घरोघर नळ आले. कुणी येईना. वाटेवर गवतच गवत वाढलं.

एकदा पिल्लू फिरत फिरत लांब गेलं. परत निघालं, तर वाटच सापडेना!

पिल्लू गावाकडे निघालं. खुडुक खुडुक, खुडुक खुडुक.

हौसाकाकू ओट्यावर पापड लाटत होत्या. सर्र, सर्र.
"काकू, काकू, तळ्यावर चालायला निघा ना!
काकू निघाल्या की गवत दबेल.
गवत दबलं की वाट दिसेल.
वाट दिसली की मी घरी जाईन."
काकू म्हणाल्या, "एकटीला कंटाळा येतो बाई. दौलतकाका निघाले, तर मी निघेन."

खुडुक खुडुक, खुडुक खुडुक.
दौलतकाका शिंपी. मशीन चालवत होते. खडखड, खडखड.
"काका, काका, चालायला निघा ना!
काका निघाले की काकू निघतील.
काकू निघाल्या की गवत दबेल.
गवत दबलं की वाट दिसेल.
वाट दिसली की मी घरी जाईन."
काका म्हणाले, "बसून बसून कंबर धरलीय. भिकाआबा निघाले, तर मी निघेन."

खुडुक खुडुक, खुडुक खुडुक.
भिकाआबा खाटेवर बसले होते. कुरकुर, कुरकुर.
"आबा, आबा, चालायला निघा ना!
आबा निघाले की काका निघतील.
काका निघाले की काकू निघतील.
काकू निघाल्या की गवत दबेल.
गवत दबलं की वाट दिसेल.
वाट दिसली की मी घरी जाईन."
आबा म्हणाले, "गुडघे दुखतात रे. माझी म्हैस उठली, तर मी निघेन."

खुडुक खुडुक, खुडुक खुडुक.
म्हैस रवंथ करत होती. पचक, पचक.
"म्हशीताई, म्हशीताई, ऊठ ना!
म्हैस उठली की आबा निघतील.
आबा निघाले की काका निघतील.
काका निघाले की काकू निघतील.
काकू निघाल्या की गवत दबेल.
गवत दबलं की वाट दिसेल.
वाट दिसली की मी घरी जाईन."

म्हैस म्हणाली, "उठते की! मला कुणी विचारलंच नव्हतं."

म्हैस उठली. तळ्याकडे निघाली. ढब ढब!
"अगं, थांब, थांब!" आबा निघाले. टक टक!
आबा निघाले म्हणून काका निघाले. चटक चटक!
काका निघाले म्हणून काकू निघाल्या. छुम छुम!
सगळ्यांच्या मागे पिल्लू. खुडुक खुडुक!

गवत दबलं.
वाट दिसली.
पिल्लू तळ्यात शिरलं. बुडुक!

म्हैस पाण्यात बसली. तिघं काठावर बसली. दम लागला होता. गार वारा आला.
काकू म्हणाल्या, "बरं वाटलं हो. उद्या यायचं?"
आबा म्हणाले, "यायचं. हळू चाला मात्र."
काका म्हणाले, "मी हाक मारीन."

दुसऱ्या दिवशी तिघं आली. मग शेजारची आली. मग पलीकडच्या आळीतली आली. रोज येऊ लागली.

आता तळ्याची वाट चांगली रुंद झालीय. दोघं जण बोलत बोलत शेजारी चालतील, एवढी!